टेक्सासचा जुना नकाशा: घडीचा घ्यावा की अॅटलासमधला?

टेक्सासात वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनचा 1830 चा, फिलाडेल्फियात हेन्री टॅनरने प्रसिद्ध केलेला नकाशा आधीच बाजूला ठेवू. तो संग्रहालयांनी आणि तेलवाल्या श्रीमंतांनी घ्यायचा. आपल्यासारख्यांपुढे खरी निवड दोनच प्रकारांत असते.

घडीचे नकाशे पातळ कागदावर छापून छोट्या पुठ्ठ्याच्या किंवा कातडी कव्हरात घालून विकत. नव्या जमिनीच्या शोधात निघालेली माणसं ते खिशात बाळगत. जेकब डी कॉर्डोव्हा हा स्वतः जमिनींचा दलाल. त्याचा 1849 चा नकाशा सरकारी जमीन कार्यालयाच्या दप्तरावरून रॉबर्ट क्रॉइट्सबाउरने तयार केला. असे नकाशे वापरूनच संपले, म्हणून दुर्मिळ. उरलेले घड्यांवर विरलेले, कोपऱ्यांना भोकं पडलेले. दुरुस्ती चांगली असली तर फोटोत कळतही नाही, त्यामुळे हातात न घेता असा नकाशा घेऊ नये.

अॅटलासमधलं पान पुस्तकात मिटून राहिलं, म्हणून जास्त टिकलं आणि बहुधा स्वस्त मिळतं. पण इथे साल बघा. लंडनच्या जॉन अॅरोस्मिथच्या 1841 च्या नकाशात टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक आहे, पश्चिमेची हद्द थेट रिओ ग्रांदे नदीच्या उगमापर्यंत, आणि वर उत्तरेला धुराड्यासारखा निघालेला पट्टा. हा दावा कागदावरच जास्त होता. 1850 च्या तडजोडीत टेक्सासने अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून 1 कोटी डॉलर घेऊन तो सोडला. त्यानंतरचे कोल्टन, जॉन्सन या अमेरिकन अॅटलास-प्रकाशकांचे नकाशे आजच्या आकाराचे. त्यांत मजा काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची. नवी काउंटी दिसली की आवृत्तीचा काळ ठरवता येतो.

पहिली खरेदी असेल तर मी अॅटलासचंच पान सुचवेन, आणि ऐपत असेल तर 1850 पूर्वीचं. अॅरोस्मिथ मात्र अॅटलासचा असूनही महाग पडतो. जॉन्सन घेऊन हात बसवायलाही हरकत नाही.

विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो हक्काने मागा. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो आणि मागे तपकिरी उमटतो. समोर हिरवी सीमारेषा आणि मागे कोरा कागद असेल, तर रंग नंतर भरलाय का ते विचारा. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई.

फक्त ह्यूस्टनच्या घरातली भिंत सजवायची असेल, तर ऑस्टिन शहरातलं टेक्सासचं जमीन कार्यालय जुन्या नकाशांच्या प्रती विकतं. त्या उन्हात टांगल्या तरी जीव वरखाली होत नाही.