रेषीय सूत्र की ऑयलरची इलॅस्टिका?

एका टोकाला घट्ट आवळलेल्या पोलादी पट्टीच्या मोकळ्या टोकाला वजन टांगले, तर ते टोक किती खाली येईल, म्हणजे तिचा झुकाव किती, हे दोन प्रकारे काढता येते. झुकाव भाराच्या प्रमाणात वाढतो असे धरणाऱ्या रेषीय सूत्रानुसार लांबी दुप्पट केली की झुकाव आठपट होतो, आणि इमारतीच्या तुळईला एवढे गणित पुरते. मात्र भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले वाकण्याला होणारा रोध, ही संख्या १ असताना हे सूत्र लांबीच्या ३३ टक्के झुकाव सांगते, तर वक्रतेचे अचूक समीकरण वापरणारी, गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये मांडलेली इलॅस्टिका (वाकलेल्या पट्टीचा वक्र) सुमारे ३० टक्के. संख्या १० झाली की रेषीय सूत्र टोकाला लांबीच्या तिपटीहून खाली नेते (जे उघडच अशक्य आहे), इलॅस्टिका मात्र ८१ टक्क्यांवर थांबते. तिचे गणित किचकट असल्याने गळाच्या काठीसारख्या फार वाकणाऱ्या वस्तूंसाठीच ती मेहनत घ्यावी.