केस पेपर, दवाखान्यातला पीसी की क्लाउड: छोट्या दवाखान्याने पेशंटचं रेकॉर्ड कशात ठेवावं?

एक डॉक्टर, एक-दोन स्टाफ, तालुक्याच्या गावातली ओपीडी. अशा दवाखान्याचं रेकॉर्ड कशात ठेवायचं हे ठरवताना लोक आधी किंमत विचारतात, मग हॅकिंगची भीती काढतात. मी दवाखान्यांचे कॉम्प्युटर बघतो आणि माझं मत असं की पहिला प्रश्न वेगळाच हवा, काउंटरवर बसणाऱ्या माणसाला काय काय दिसणार आहे? कारण तो कंपाउंडर किंवा ती रिसेप्शनिस्ट बऱ्याचदा पेशंटच्याच गल्लीतली असते आणि कुणाला टीबी निघाला, कुणाची मुलगी कशासाठी आली होती हे बाहेर गेलं तर त्या घराला गावात तोंड दाखवणं अवघड होतं. खाली जी तुलना केलीय ती याच नजरेने वाचा.

कागदी केस पेपरला नावं ठेवायची फॅशन आहे पण त्याची एक बाजू खरंच भक्कम आहे, लांब कुठंतरी बसून कुणी तुमचं कपाट उघडू शकत नाही. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा निव्वळ कागदावर राहिलेल्या रेकॉर्डला लागत नाही. म्हणून मोकळीक मिळाली असं मात्र नाही, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटची गुपितं सांभाळणं हे डॉक्टरचं कर्तव्यच आहे, ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवावं लागतं आणि मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. कागदाची अडचण अशी की फाईल कुणी चाळली हे कधीच कळत नाही, आणि दुसरी प्रत नसते. २०१९ ला सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ ला चिपळूणचा पूर आपण बघितलाय, तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं की संपलं. आणि हो, जुने केस पेपर रद्दीत देऊ नका, उभे-आडवे फाडून किंवा श्रेडरमधून काढूनच टाका.

दवाखान्यातला पीसी म्हणजे सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं, सगळं आपल्याच टेबलावर, नेट गेलं तरी ओपीडी चालू. डॉक्टरांना हे आवडतं कारण माहिती आपल्या ताब्यात वाटते. पण नीट बघा, तिथं बहुतेक ठिकाणी सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो, तोही मॉनिटरवर चिकटवलेला, त्याच पीसीवर बिलं होतात, औषध कंपनीच्या एमआरचा पेनड्राइव्ह लागतो, दुपारी कुणीतरी यूट्यूब बघतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तरी पुष्कळ दवाखाने अजून त्यावरच आहेत, काही तर पायरेटेड कॉपीवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस शिरला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला साधारण दोन आठवडे बरंचसं काम हाताने करावं लागलं. तुमच्याकडे त्यांच्यासारखी टीम नाही. बॅकअपची हार्ड डिस्क कायम पीसीलाच लावून ठेवली असेल तर ती पण लॉक होते, म्हणून बॅकअप झाला की काढून कुलपात ठेवायची. पीसी रिपेअरला जातो तेव्हा आतल्या डिस्कमधून तुमचे सगळे पेशंट दुकानात जातात, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, हवी, विंडोज प्रो मध्ये त्यासाठी बिटलॉकर असतो. हे सगळं दर आठवड्याला बघणारं ठरलेलं माणूस असेल तरच पीसी घ्या.

क्लाउड म्हणजे रेकॉर्ड नेटवरून सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं. लोक म्हणतात की आपली माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर कशाला, आणि ही शंका रास्त आहे. पण काउंटरच्या प्रश्नाला चांगलं उत्तर मला इथंच मिळतं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, रिसेप्शनला फक्त नाव, नंबर, वेळ आणि फी, डॉक्टरच्या नोट्स फक्त डॉक्टरला, कुणी कुठली फाईल कधी उघडली याची नोंद. स्टाफ सोडून गेला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. अर्थात हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतंच असं नाही, म्हणून डेमोला सेल्समनला सांगा की रिसेप्शनिस्टच्या लॉगिनने आत जाऊन दाखव. मग विचारा की सोडून जायचं झालं तर सगळं रेकॉर्ड एक्सेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये मिळेल का, ओटीपीशिवाय लॉगिन होतं का, आणि पेशंटची माहिती, अगदी नाव काढून सुद्धा, औषध कंपन्यांना किंवा आणखी कुणाला देता का. उत्तर करारात लेखी नसेल तर पुढं जाऊ नका.

एक गैरसमज काढून टाकतो, माहिती क्लाउडवर गेली म्हणून जबाबदारी कंपनीवर जात नाही. कायद्यापुढे दवाखानाच जबाबदार, कंपनी तुमच्या वतीने काम करते एवढंच. २०२३ च्या त्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, आणि माहिती फुटली तर डेटा बोर्डाला (या कायद्याखालचं सरकारी मंडळ) आणि त्या पेशंटला दोघांनाही कळवावं लागणार, बोर्डाला सविस्तर अहवाल ७२ तासांत.

आता माझा कौल. नवीन दवाखाना आणि नेट बरं असेल तर क्लाउड, आणि महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून स्वतःकडे प्रत. नेटची बोंब असेल तर पीसी, पण वरच्या सगळ्या अटींसकट. प्रॅक्टिस काही वर्षांत बंद करायचीय अशा डॉक्टरांनी कागदावरून हलायची घाई करू नये, कपाटाला कुलूप आणि किल्ली स्वतःकडे, बास. मानसोपचार, स्त्रीरोग किंवा एचआयव्हीचे पेशंट असतील तर वेगळं लॉगिन ही माझ्या लेखी अटच आहे, मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही या दोन्हींच्या २०१७ च्या कायद्यांत गोपनीयतेची तरतूद स्पष्ट आहे. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे केस पेपरचे मोबाईलवर फोटो काढून ठेवणं, कागदाची सुरक्षितता गेली, सॉफ्टवेअरचे फायदे मिळाले नाहीत आणि डिजिटल झाल्यामुळे डेटा कायदा मात्र लागला.

तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी व्हॉट्सॲप असणारच, आणि तिथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेसेज जाताना एन्क्रिप्टेड असतो हे खरं, पण रिपोर्टचा फोटो डॉक्टरच्या गॅलरीत उतरतो, तोच फोन घरी मुलांच्या हातात असतो, काउंटरवरच्या पीसीला व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं. डॉक्टरांच्या ग्रुपवर एक्स-रे टाकताना कोपऱ्यातलं नाव तसंच राहतं. दवाखान्यासाठी वेगळा फोन आणि वेगळा नंबर घ्या, ऑटो-डाउनलोड बंद करा, बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करा, आणि रिपोर्ट रेकॉर्डला लावला की चॅटमधून आणि गॅलरीतून उडवा.