‘द स्लो मो गाइज’: काय पाहावं, काय सोडावं आणि नेमकं कुठून पाठवावं

यूट्यूबवर संथगती व्हिडिओंना तोटा नाही. कलिंगड फुटतं, फुगा फाटतो, रंगाचा डबा उडतो; बघताना मजा येते आणि लगेच विसरायलाही होतं. गॅव्हिन फ्री आणि डॅन ग्रुची या ब्रिटिश मित्रांच्या ‘द स्लो मो गाइज’ या चॅनेलवरही असला माल भरपूर आहे. मात्र २०१०पासून हे चॅनेल चालवणारा फ्री मुळात सिनेमासाठी संथगती चित्रीकरण करणारा माणूस. तो कॅमेरा एखाद्या यंत्राकडे वळवतो, तेव्हा जे दिसतं ते पुस्तकातल्या आकृतीत कधीच नीट कळलेलं नसतं. शिफारस आहे ती अशाच व्हिडिओंची.

पहिला मान टीव्ही कसा चालतो हे दाखवणाऱ्या २०१८मधल्या व्हिडिओला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत पडद्यावर कुठल्याही क्षणी पूर्ण चित्र नसतं. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेष ओढतो, मग खालची, मग त्याखालची. पडद्यामागच्या फॉस्फरची, म्हणजे झोत पडला की उजळणाऱ्या लेपाची, चमक लगोलग मावळते आणि चित्र जुळतं ते आपल्या डोळ्यांत. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. इथे कॅमेऱ्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढत सेकंदाला सुमारे ३,८०,००० फ्रेमपर्यंत, म्हणजे तितक्या सुट्या चित्रांपर्यंत, जातो. अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीत सेकंदाला साधारण १५,७०० रेषा ओढल्या जातात, म्हणजे एका रेषेच्या वाट्याला २४ फ्रेम येतात. त्यामुळे व्हिडिओ गेममधल्या मारिओची एकेक रेष उमटताना चक्क दिसते. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. तेव्हा घरातला जुना टीव्हीही जवळपास याच वेगाने काम करत होता. पुढे एलसीडी आणि ओएलईडी पडदेही येतात. ओएलईडीत काळा रंग म्हणजे विझलेला पिक्सेल, हे तिथे जवळून बघायला मिळतं. (हे पाहून जुना टीव्ही उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.)

दुसरा व्हिडिओ सेकंदाला १०,००० फ्रेमने टिपलेल्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या, आतला. आरसा वर आपटतो आणि थरथरतो, शटरचे पडदे सरकतात. १/१००० सेकंदाच्या शटरला अख्खा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एकदम उघडतच नाही. दोन पडद्यांमधली बारीक फट त्यावरून सरकत जाते. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश वापरताना शटरचा वेग १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढे नेला की फोटोत काळा पट्टा येतो, त्याचं कारण इथे डोळ्यांसमोर उलगडतं. फोटोग्राफी शिकवणाऱ्यांनी हा व्हिडिओ हाताशी ठेवावाच.

वेग वाढला की चित्र लहान आणि धूसर का होतं, असं नवे प्रेक्षक विचारतात. कारण सेन्सरवरून माहिती उचलायला मर्यादा असते. दहा लाख पिक्सेल, प्रत्येकाला १२ बिट, सेकंदाला २५,००० फ्रेम, असा हिशेब केला तरी सेकंदाला सुमारे ३७.५ जीबी होतात. म्हणून हे कॅमेरे आधी स्वतःच्या मेमरीत गोल फिरत लिहितात, जुनं पुसत नवं भरतात, आणि घटना घडून गेल्यावर बटण दाबलं की मागचे काही सेकंद राखतात. प्रकाशही तितकाच कमी पडतो: १/२५,००० सेकंदात सेन्सरवर पडून पडून किती उजेड पडणार? आणखी एक गोष्ट. असे कॅमेरे आवाज टिपत नाहीत, तेव्हा संथ दृश्यामागची घुमघुम नंतर जोडलेली असते. तिला पुरावा मानू नये.

उणी बाजू म्हणजे पाल्हाळ. प्रयोगाआधीची थट्टामस्करी काहींना आवडेल, पण वर्गात दाखवायचं तर ती कापायलाच हवी. म्हणून लिंक नेमक्या सेकंदापासून पाठवावी. संगणकावर हवी ती जागा आल्यावर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की त्या क्षणापासूनची लिंक कॉपी करता येते. फोनवर लिंकच्या शेवटी हाताने इंग्रजी टी, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद लिहावेत. २ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे १५५, तेव्हा t=155. त्याआधी प्रश्नचिन्ह लागतं. गफलत इथेच होते: ॲपमधून घेतलेल्या लिंकमध्ये बहुधा एक प्रश्नचिन्ह आधीच असतं, दुसरं टाकलं तर व्हिडिओ सुरुवातीपासून चालू होतो. तिथे प्रश्नचिन्हाऐवजी ‘अँड’चं चिन्ह (&) टाका.

स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर ढकलणं हा सर्वांत वाईट मार्ग. तिथे व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केला जातो आणि टीव्हीच्या रेषा, पाण्याचे थेंब यांचा लगदा होतो. यूट्यूबवरही कमी स्पष्टतेच्या ३६०पीवर तीच गत. निदान १०८०पी ठेवा. वेग ०.२५ करून फार काही हाती लागत नाही, कारण नव्या फ्रेम कुठून येणार? त्यापेक्षा संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करा. टीव्हीच्या व्हिडिओची खरी गंमत तिथेच आहे. फोनच्या ॲपवर ही सोय नाही.

निवेदन इंग्रजीत आणि भराभर आहे. शाळकरी मुलांसाठी आवाज बंद करून आपणच समजावलेलं बरं. जोडीला फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये घरातले दोन-तीन एलईडी दिवे टिपून दाखवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकताना पकडला जातो. चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आत वीज नीट पुरवणारं सर्किट असलेला, दिवा स्थिर दिसतो.