मुंबईत रूट कॅनाल कुठे करावं: नायर, सरकारी दंत महाविद्यालय की स्टेशनजवळचा दवाखाना?

मुंबईत जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसते आणि बऱ्याच पाट्यांवर ‘एका बैठकीत रूट कॅनाल’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या मुळातली खराब नस काढून, आतली पोकळी साफ करून ती भरणं. दवाखाना निवडायला ‘एका बैठकीत’ ही सगळ्यात कमी उपयोगाची माहिती. नस अजून जिवंत असेल, मुळाशी पू नसेल, तर एका बैठकीत काम उत्तम होतं. पण पू वाहत असेल, दात आतून कोरडाच होत नसेल, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं. हे दात उघडल्यावर ठरतं, आधी नाही.

मग पारखायचं कशावर? पहिली गोष्ट रबर डॅम. रबराचा पातळ चौकोनी पडदा छोट्या क्लॅम्पने दाताला अडकवतात आणि ज्याचं काम करायचं तेवढाच दात पडद्याच्या भोकातून बाहेर ठेवतात. थुंकीतले जंतू आत जात नाहीत, धुण्याचं द्रावण घशात उतरत नाही आणि मूळ आतून घासायची सुईसारखी बारीक फाइल हातून निसटली तरी पोटात जात नाही. पडदा बसवायला दोन-तीन मिनिटं पुरतात. तरी अनेक ठिकाणी तो वगळून कापसाच्या गुंडाळ्यांवर भागवतात. रबर डॅम न लावता दाढेचं रूट कॅनाल करणाऱ्या दवाखान्याला, खुर्ची कितीही नवी असली तरी, आमची पसंती नाही. फोनवरच विचारा: ‘रबर डॅम लावता का?’ उत्तर सरळ मिळालं नाही, तर पुढचा दवाखाना बघा.

दुसरी गोष्ट एक्स-रे. सुरुवातीचा एक, फाइल आत असताना लांबी मोजण्याचा एक (एपेक्स लोकेटर हे यंत्र असेल तर हा कधी कधी टळतो) आणि भरल्यानंतरचा एक. शेवटचा एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या आणि स्वतः बघा. मुळात भरलेल्या गटापर्चाची (रबरासारखा पदार्थ) पांढरी रेघ टोकाच्या अर्धा ते दोन मिलिमीटर अलीकडे संपायला हवी, मध्ये काळी फट नको, आणि प्रत्येक मुळात रेघ हवी. रेघ फार आखूड राहिली तर खाली जंतूंना जागा उरते. टोकाबाहेर गेली तर हाडाला त्रास.

दाढेचं काम इथेच अवघड होतं. वरच्या पुढच्या दातात एक कालवा (नस असलेली मुळातली बारीक नळी), वरच्या पहिल्या उपदाढेत बहुधा दोन. खालच्या दाढेला मुळं दोन, पण कालवे तीन किंवा चार. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, आणि गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरा कालवा लपलेला असतो. तो सुटला की वर्षा-दोन वर्षांनी तीच दाढ पुन्हा ठणकते. भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप असेल तर तो सापडण्याची शक्यता बरीच वाढते. पुढच्या दातांचं साधं काम अनुभवी बीडीएस (दंतवैद्यकाची मूळ पदवी) डॉक्टर छान करतात. वाकड्या मुळांची दाढ किंवा आधी फसलेलं रूट कॅनाल मात्र एंडोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दाताच्या नसेच्या उपचारांत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेल्यांकडेच न्यावं.

सफाईबद्दल रुग्ण सहसा विचारत नाहीत, पण यश तिच्यावर उभं असतं. फाइल फक्त वाट रुंद करते, जंतू मारतं ते सोडियम हायपोक्लोराइट. भिंतींवरचा भुसा काढायला शेवटी १७ टक्के ईडीटीए हे द्रावण वापरतात. द्रावणाला काम करायला वेळ लागतो. म्हणून चार कालव्यांची दाढ पंधरा मिनिटांत आटोपली असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय महापालिकेचं, तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय राज्य सरकारचं. खर्च खासगीच्या तुलनेत फारच कमी. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षक टप्प्याटप्प्याला तपासतात, आणि ही शिस्त गल्लीतल्या एकट्या डॉक्टरकडे आपोआप येत नाही. किंमत मोजायची ती वेळेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आधी तपासणी, मग एक्स-रे, मग संबंधित विभाग. दाढेसाठी अनेक खेपा धरून चाला. रोजंदारीवर काम करणाऱ्याला ते परवडत नाही, आणि ही या सेवेची खरी उणीव आहे. वेळ काढता येत असेल तर मात्र आम्ही दोन्ही ठिकाणं बिनदिक्कत सुचवू.

काय बिघडू शकतं तेही माहीत असावं. खालच्या दाढेची नस फार सुजलेली असेल तर बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन कधी कधी पुरं पडत नाही. ओठ बधिर होतो, दाढ दुखतच राहते. तेव्हा सहन करू नका, हात वर करा, जास्तीचं इंजेक्शन देता येतं. वाकड्या मुळात फाइलचा तुकडा मोडून अडकू शकतो. तो आत राहूनही दात टिकू शकतो, पण रुग्णाला ते सांगितलंच पाहिजे. नंतरचे दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं. सूज वाढत गेली तर परत जा. आणि नुसत्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन भागत नाही: नसेचा रक्तपुरवठा बंद पडला की औषध आत पोचतच नाही. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हाच त्याचा उपयोग.

दर विचारताना रूट कॅनाल, वरचं फिलिंग आणि कॅप असे तीन आकडे वेगळे लिहून मागा. जाहिरातीत बहुधा पहिलाच असतो. दाढेला कॅप हवीच, नाहीतर पोकळ झालेली दाढ एखाद्या चकलीवर उभी चिरू शकते आणि मग काढण्याशिवाय इलाज नसतो. तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन् महिने राहिलात तर ते झिरपतं आणि केलेली सफाई वाया जाते. झिर्कोनियाच्या (दाताच्या रंगाचं टणक सिरॅमिक) कॅपसोबत मिळणारं वॉरंटी कार्ड कॅपचं असतं, आतल्या कामाचं नाही. कॅप धरायला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर चांगला दात सगळीकडून उरलेला हवा. तो उरला नसेल तर ‘हा वाचवण्यात अर्थ नाही’ असं आधीच सांगणारा डॉक्टर सोडू नका.

जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडू लागलं, तर दातांच्या दवाखान्याची वेळ होण्याची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.