ऑगमा की चष्मा: ‘ऑर्डिनल स्केल’ आधी पाहावा की ‘देन्नो कॉइल’?

‘ऑर्डिनल स्केल’ हा चित्रपट सुमारे दोन तासांचा आणि ‘देन्नो कॉइल’ ही मालिका २६ भागांची, एवढे समजले की ज्याच्या हाताशी वेळ कमी आहे तो डोळे झाकून चित्रपट निवडतो. ऑगमेंटेड रिॲलिटीवरचे, म्हणजे खऱ्या जगावर आभासी वस्तू चढवणाऱ्या तंत्रावरचे, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) पाहायचे आहे, दोहोंतले कोणते पाहू, असे विचारणाऱ्याला मी आधी हा हिशेब पुन्हा मांडायला सांगतो. ‘ऑर्डिनल स्केल’ ही ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या मालिकेची पुढची कथा आहे. २०१२च्या पहिल्या पर्वाचे २५ भाग पाहिल्याशिवाय तिच्यातले दुःख कळत नाही, आणि २०१४च्या दुसऱ्या पर्वाचे २४ भाग पाहिले नसतील तर अखेरच्या लढाईत मदतीला धावून येणारी ही सगळी मंडळी कोण, असा प्रश्न पडतो. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटासाठी, फक्त पहिले पर्व धरले तरी, किमान दहा तासांची पूर्वतयारी आली. ‘देन्नो कॉइल’ला मागचापुढचा कसलाच संदर्भ लागत नाही आणि तिचे सगळे भाग मिळून जवळपास तेवढेच तास भरतात. वेळेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे निवड दुसऱ्या कशावर तरी करावी लागते.

‘देन्नो कॉइल’ ही मालिका आधीची आहे. मित्सुओ इसो यांनी ती स्वतः कल्पिली, लिहिली आणि दिग्दर्शित केली. मॅडहाउस स्टुडिओने तयार केलेली ही मालिका २००७च्या मे ते डिसेंबर या काळात एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर दाखवली गेली. चित्रपट जपानमध्ये १८ फेब्रुवारी २०१७ रोजी लागला. दिग्दर्शक तोमोहिको इतो यांनी मूळ कादंबऱ्यांचे लेखक रेकी कावाहारा यांच्यासह त्याची पटकथा लिहिली असून निर्मिती ए-वन पिक्चर्सची आहे. या दोन तारखांमध्ये २०१६चा जुलै येतो. त्या महिन्यात ‘पोकेमॉन गो’ हा फोनवरचा खेळ आला आणि फोन समोर धरून रस्त्यात, बागेत काहीतरी शोधत फिरणारी माणसे जगभर दिसू लागली. त्यामुळे चित्रपटाच्या प्रेक्षकाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. मालिकेला मात्र आयफोनसुद्धा बाजारात येण्यापूर्वी, मेमध्येच, ती सगळी उभी करावी लागली होती.

चित्रपटातील काळ २०२६ सालचा आहे. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या पूर्वीच्या खेळात शरीर निपचित पडून राहायचे आणि मन दुसऱ्या जगात जायचे. त्या खेळात १०,००० जण अडकले होते आणि त्यांतले सुमारे ४,००० दगावले होते. आता कानाला लावायचे ‘ऑगमा’ नावाचे यंत्र आले आहे, ज्यात माणूस पूर्ण जागा असतो आणि खरे शहरच खेळाचे मैदान होते. त्या जुन्या संकटातून सुटलेल्या मुलांच्या शाळेत हे यंत्र फुकट वाटले गेले आहे, आणि ते फुकट का, याचे उत्तर कथेच्या पोटात दडलेले आहे. रात्री टोकियोतल्या अकिहाबाराच्या चौकात इमारतींवर दगडी किल्ल्याचे रूप चढते, जुन्या खेळातला अजस्र राक्षस प्रकट होतो आणि किरितो, म्हणजे आभासी जगात ज्याच्या तलवारीला तोड नव्हती तो नायक, धावायला जातो तर त्याचा तोल जातो. इथे पळायचे, उड्या मारायच्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि त्या पायांना व्यायामाची सवय नाही. संपूर्ण चित्रपटात मला सर्वाधिक पटलेले दृश्य हेच, कारण ऑगमेंटेड रिॲलिटी आणि व्हर्च्युअल रिॲलिटी यांतला फरक ते कुठल्याही व्याख्येशिवाय सांगून टाकते.

नावातही एक मेख आहे. जुना खेळ चालवणाऱ्या प्रणालीचे नाव ‘कार्डिनल’ होते आणि हा ‘ऑर्डिनल’ आहे. आपल्या शाळेच्या व्याकरणात हे भेद गणनावाचक आणि क्रमवाचक म्हणून येतात: एक, दोन, तीन हे गणनावाचक आणि पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक. या खेळात तुमच्यात बळ किती, याला महत्त्व नाही. तुमचा क्रमांक कितवा, यावर सगळे ठरते, आणि तो क्रमांक दुकानातल्या सवलतींपर्यंत उपयोगी पडतो. दुसऱ्या क्रमांकावरचा एजी हा तरुण त्यामुळेच लक्षात राहतो. मात्र ही चांगली कल्पना पटकथा पुढे फारशी नेत नाही; उत्तरार्धात क्रमांक बाजूला पडतात आणि लढाया उरतात. त्या लढाया अप्रतिम आहेत, हेही मान्य करायला हवे. युकी काजिउरा यांच्या संगीतासह त्या मोठ्या पडद्यावर किंवा निदान चांगल्या हेडफोनवर पाहाव्यात.

‘देन्नो कॉइल’मध्ये एकच एक खेळ नसून मुलांचे अख्खे बालपणच आभासी वस्तू दाखवणाऱ्या चष्म्यातून चालते. काळ २०२०च्या दशकातला आणि गाव दाइकोकू नावाचे काल्पनिक शहर. यासाको ही मुलगी तिथे राहायला येते आणि तिच्याबरोबर देन्सुके हा तिचा कुत्रा येतो, जो चष्म्याशिवाय दिसत नाही आणि हात फिरवला तर हाताला लागत नाही. अंगठा आणि करंगळी ताणून हात कानाशी धरला की फोन लागतो. आपल्याकडची मुले फोनचा अभिनय असाच करतात, इथे तो अभिनय उरलेला नाही. एका आजीच्या खाऊच्या दुकानात मंतरलेल्या कागदासारख्या चिठ्ठ्या विकत मिळतात, ज्या चिकटवल्या की आभासी वस्तूंवर परिणाम होतो, आणि रस्त्यात सापडणारे ‘मेटाबग’चे खडे त्या व्यवहारात पैशासारखे चालतात. आभासी जगातले सदोष भाग पुसून टाकत शहरभर फिरणारे सात्ची नावाचे गोलमटोल यंत्र मुलांच्या मागे लागते. पण देवळाच्या आवारात त्याला शिरता येत नाही, कारण ती जागा दुसऱ्या सरकारी खात्याच्या अखत्यारीत येते. खात्याखात्यांच्या हद्दींचा असा अनुभव गाठीशी असलेल्या मराठी प्रेक्षकाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

एका भागात मुलांच्या चेहऱ्यांवर आभासी दाढी उगवते. जवळून पाहिल्यावर लक्षात येते की ते केस नसून सूक्ष्म जीव आहेत. त्यांना लिपी आहे, ते चेहऱ्याला आपली भूमी मानतात आणि एका गालावरून दुसऱ्यावर अस्त्रे डागतात. यासाको त्यांची देवता होते आणि त्यांनी युद्ध थांबवावे म्हणून विनवण्या करते. ऑगमेंटेड रिॲलिटीवर मी जे काही पाहिले आहे त्यात इतका खट्याळ आणि इतका खिन्न भाग दुसरा नाही, आणि विशेष म्हणजे मुख्य कथानकाला त्याची फारशी गरजही नव्हती.

खरी तुलना मात्र शोकाच्या ठिकाणी होते. दोन्ही कलाकृतींच्या मुळाशी गेलेले माणूस आहे, आणि तंत्रज्ञानाच्या आधाराने त्याच्यापर्यंत पुन्हा पोहोचता येईल ही आशा आहे. चित्रपटात ही आशा प्रतिपक्षाच्या वाट्याला येते: एका बापाला मुलगी परत हवी आहे आणि त्याची किंमत इतरांच्या आठवणींनी चुकवली जाते. किरितोची प्रेयसी असुना हिची एकेक आठवण पुसली जात असताना ती डायरी हातात घेऊन बसते, तेव्हा पहिले पर्व पाहिलेल्या प्रेक्षकाच्या पोटात तुटते. न पाहिलेल्याला तो केवळ कथानकाचा एक टप्पा वाटतो. बापाचे दुःख खरे असूनही त्याला वेळ थोडाच मिळतो, कारण नायकाला जिंकायचे असते. मालिकेत हीच आशा मुलांच्या मनात आहे. अपघातात मैत्रीण गमावलेला हाराकेन तिला शोधतो आहे आणि भावासाठी सगळ्यांशी वैर पत्करणारी इसाको सुरुवातीला खलनायिकाच वाटते. अखेरीस मोठी माणसे चष्मे काढून घेतात. आई यासाकोला सांगते की जे हाताला लागते तेच खरे. ते तिला पटते, तरीही छातीत जे दुखते आहे ते हाताला लागत नाही आणि खोटेही नाही, हे तिच्या ध्यानात येते. चित्रपटापेक्षा मालिकेला मी झुकते माप देतो ते या प्रसंगामुळे.

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. शेवटच्या सहा-सात भागांत संज्ञांची गर्दी होते, जुने अवकाश आणि नवे अवकाश, म्हणजे आभासी जगाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, यांचा मेळ लावताना दमछाक होते आणि एखादा भाग मागे जाऊन पुन्हा पाहावा लागतो. रंग मुद्दाम मळकट, संध्याकाळचे ठेवले आहेत. झगमगाटाची अपेक्षा असेल त्याला ते निस्तेज वाटतील.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत पाहायचे असेल तर मालिकाच घ्यावी, फक्त मृत्यूविषयी प्रश्न येतील याची तयारी ठेवावी. चित्रपटात हाणामारी आहेच, शिवाय असुनाचे न्हाणीघरातले एक दृश्य कुटुंबासमोर विनाकारण अवघडवते. दोन्हींना इंग्रजी ध्वनिमुद्रण आहे. पण मालिकेतल्या मुलांचे चिडवणे जपानी आवाजातच अधिक खुलते, तेव्हा उपशीर्षके वाचण्याचा कंटाळा नसेल तर मूळ आवाज निवडावा. एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि आधीचे काहीच पाहिलेले नसेल, तर या दोन्ही बाजूला ठेवून २००९चा मामोरू होसोदा यांचा ‘समर वॉर्स’ हा चित्रपट पाहावा. त्यात ऑगमेंटेड रिॲलिटी नाही, निव्वळ आभासी जग आहे. पण आजीच्या नव्वदीला जपानमधल्या उएदा शहरातल्या वाड्यात जमलेले कुटुंब त्या जगाशी लढते, आणि तो स्वतःत पूर्ण आहे.

‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ची दोन्ही पर्वे पाहून झालेल्यांनी मात्र ‘ऑर्डिनल स्केल’ लांबणीवर टाकू नये, आणि श्रेयनामावली संपेपर्यंत जागेवरून उठू नये. तिच्यानंतरचे छोटे दृश्य २०१८च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वाकडे नेणारे आहे.