पंपाचं सक्शन आवळायचं की हाय स्पीड बायपास लावायचा?

ड्रॅग रेसच्या ब्लोअरवाल्या (हवा दाबून भरणाऱ्या) मिथेनॉल इंजिनात वरच्या आरपीएमला फ्युएल जास्त होतं हे ज्यांनी रननंतर प्लग काढून बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पंप आरपीएमच्या हिशोबाने ओततच राहतो, इंजिन मात्र टॉर्क पीकच्या पुढे दर फेरीला तेवढी हवा घेत नाही, मग वरचं फ्युएल कुठेतरी छाटावंच लागतं. मी एक सीझन सक्शनला, म्हणजे पंपाच्या ओढायच्या बाजूला, रिस्ट्रिक्टर घालून काढला आणि नंतर हाय स्पीड बायपासवर आलो, म्हणजे ठरावीक प्रेशरला उघडून जादाचं फ्युएल परत टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर.

रिस्ट्रिक्टरचं सुख म्हणजे बारीक भोकाची एक चकती बसवली की झालं, ना स्प्रिंग ना जादाचा रिटर्न पाइप. एका आरपीएमनंतर पंपाला ओढायलाच मिळत नाही, फ्लो सपाट होतो. पहिल्या दोनतीन रनला मला वाटलं लोक उगाच बायपासच्या नादी लागतात.

पण फ्लो सपाट होतो तो कॅव्हिटेशनमुळे, म्हणजे प्रेशर घसरून फ्युएलमध्ये बुडबुडे झाल्यामुळे, आणि ते कधी सुरू होणार हे एकटं भोक ठरवत नाही, फ्युएल किती तापलंय, टाकीत किती उरलंय, फिल्टर किती भरलाय सगळं त्यात येतं. मिथेनॉल मुळात 65 डिग्रीच्या आसपास उकळतं, सक्शनला प्रेशर घसरलं की त्याच्या बरंच आधी बुडबुडे. एकदा सकाळचा रन छान गेला, दुपारी तीच चकती तीच पिल (पंपाचं किती फ्युएल टाकीत परत जायचं ते ठरवणारा जेट), आणि लॉगवर प्रेशरची रेघ 7000 ऐवजी 6400 लाच थरथरायला लागली. प्लग काढले तर एकाच्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी ठिपके, म्हणजे फ्युएल कमी पडून उडालेलं पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम! मन तिथेच उडालं. बेंचवर परत मोजावं म्हटलं तर लाँचचा जी (गाडी सुटतानाचा जोर) बेंचवर कुठून आणणार?

बायपासमध्ये काय असतं, नॉझलचं प्रेशर आरपीएमच्या वर्गाने चढतं. 6000 ला 60 पीएसआय असेल तर 7000 ला 82 च्या आसपास, मग 70 ला उघडणारा पॉपेट (बायपासचा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह) साधारण 6500 ला उघडणार. ब्लोअरखालच्या पोर्ट नॉझलना बूस्टचा विरोध असतो म्हणून हिशोब थोडा हलतो, पण रोज तेवढाच हलतो.

कटकट इथेही आहेच. पिल बारीक केली की प्रेशर चढतं, पॉपेट लवकर उघडतो, स्प्रिंगचा दाब जुळवायच्या शिमचा डबा परत काढा. आणि गाडी ठेवताना सिस्टिम नीट फ्लश केली नाही तर पांढरी भुकटी धरून पॉपेट चिकटतो, उघडा चिकटला तर लीन, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी. पण माझा एकदा चिकटला तेव्हा बर्नआउटलाच (रनआधी टायर तापवताना) इंजिन अडखळलं, मी तिथेच बंद केलं. चकतीने असा इशारा कधी दिला नाही.

दोनचार रन, गार हवा, साधी गाडी असेल तर चकतीवरही भागेल, भागवणारे आहेतच. फक्त सक्शनच्या बाजूलाही एक प्रेशर सेन्सर लावा, आणि दुपारच्या रनआधी फ्युएलला हात लावून बघू नका, थर्मामीटर वापरा.