अलोकेशिया ‘पॉली’ : पुण्याच्या सदनिकेतला चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून साडेतीनशे रुपयांना अलोकेशिया या शोभेच्या झाडाचे ‘पॉली’ हे रोप घरी आणले, तेव्हा त्याला चार पाने होती. जानेवारीच्या अखेरीस एकही पान उरले नव्हते, आणि आज हे लिहीत असताना त्याच कंदावर पाच पाने आहेत. मधल्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांपैकी बहुतेक एकाच गैरसमजातून झाल्या. अलोकेशिया पानांच्या रूपावर भुलून विकत घेतले जाते, म्हणून ते पानांचे झाड आहे असे मी धरून चालले होते. ते मुळात कंदाचे झाड आहे, हे समजायला मला सात महिने आणि जवळजवळ एक रोप खर्ची घालावे लागले.

बाजारात हे रोप ‘ॲमेझॉनिका’ या नावानेही मिळते आणि विकणारे ते बिनदिक्कत ॲमेझॉनच्या जंगलातले म्हणून सांगतात. वास्तविक हा संकर अमेरिकेत, फ्लोरिडातील मायामीच्या ‘ॲमेझॉन नर्सरी’त गेल्या शतकाच्या मध्यास तयार झाला आणि त्या रोपवाटिकेवरून त्याला हे नाव पडले. ‘पॉली’ हा त्याचाच आटोपशीर बांध्याचा प्रकार. त्याच्या पूर्वजांपैकी सँडेरियाना ही जाती फिलिपिन्समधली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की अलोकेशिया हे अळू आणि सुरण यांच्याच कुळातले असून कोकणात परसदारी दिसणारा कासाळू तर थेट अलोकेशियाच आहे. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आमसूल ज्या खाजेसाठी घालतात, ती खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याही झाडात असतात. त्यामुळे घरात रांगते मूल किंवा पाने चावणारे मांजर असेल तर ही कुंडी उंचावर ठेवावी, आणि छाटणी करताना हातमोजे घालावेत. मी एकदा आळस केला आणि मनगट तासभर चुरचुरत राहिले.

पहिले चार महिने झाडाने मला फारच खूश ठेवले. पावसाळ्यात पुण्याची हवा आपसूकच दमट असते, तापमान पंचवीस अंशांच्या आसपास राहते आणि पूर्वेच्या खिडकीतला उजेड त्याला मानवला. नवे पान येण्याची रीत पाहण्यासारखी असते. जुन्या पानाच्या देठाला बुडाशी एक उभी चीर पडते, त्या चिरेतून केळीच्या पोंग्यासारखी घट्ट सुरळी वर सरकते, आणि आठ-दहा दिवसांत ती उलगडत जाऊन प्रथम फिकट पोपटी, ओलसर वाटणारे मऊ पान दिसू लागते. शिरांचा पांढरा रंग आणि पाठीमागचा जांभळा रंग नंतर चढतो. या दिवसांत पानाला हात लावू नये. एकदा पडदा सरकवताना लागलेला ओरखडा त्या पानावर अखेरपर्यंत राहिला. रात्री भरपूर पाणी दिले असेल तर पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो. तो रोग नाही. मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी झाड तसे बाहेर टाकते. फक्त खाली लाकडी कपाट असेल तर ताटली ठेवावी.

नवे पान उघडले की सर्वांत जुने पान पिवळे पडते, याची मला प्रथम धास्ती वाटली. जुन्या पानातला नत्र झाड काढून घेते आणि नव्या पानाला पुरवते, असा हा साधा हिशेब आहे. लहान कुंडीतली ‘पॉली’ तीन ते पाच पाने एका वेळी सांभाळते. पिवळे पान घाईने न कापता ते पूर्ण वाळू द्यावे, म्हणजे त्यातले अन्न वाया जात नाही.

नोव्हेंबरात हवा कोरडी झाली आणि लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, आला. पानाची तकाकी गेली आणि वरून धूळ बसल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसू लागले; मी दोन दिवस ती धूळच समजून पुसत होते. पान उलटे करून शिरेच्या कडेला भिंगाने पाहिले तेव्हा जाळे आणि हलणारे ठिपके दिसले. उपाय असा केला : झाड नळाखाली धरून पानांच्या पाठी बोटांनी चोळून धुतल्या, आणि मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व भांड्याच्या साबणाचे काही थेंब घोळून संध्याकाळी फवारले. पाच-सहा दिवसांच्या अंतराने हे तीनदा करावे लागते, कारण अंड्यांवर या तेलाचा फारसा परिणाम होत नाही आणि नवी पिढी पुन्हा येते. सकाळी फवारून उन्हात ठेवल्यास पान करपते, म्हणून संध्याकाळच बरी. तरीही त्या महिन्यात दोन पाने गेली.

खरी चूक त्यानंतरची. चार पानांना मी आठवड्यातून दोनदा पाणी देत असे, आणि दोनच पाने उरल्यावरही, थंडी सुरू झाल्यावरही, तेच वेळापत्रक चालू ठेवले. पाने निम्म्यावर आली की झाडाचे पाणी पिणेही तितकेच घटते, आणि खिडकीजवळचा पारा रात्री सोळा अंशांवर उतरला की वाढ जवळपास थांबते, एवढा विचार मी करायला हवा होता. त्यात रोपवाटिकेतून आलेली लाल माती मी बदललेलीच नव्हती. ती वरून कोरडी आणि आत चिखल अशी असे. पाने मान टाकू लागली तेव्हा मला वाटले की पाणी कमी पडते आहे, आणि मी आणखी घातले.

त्या वेळी सासूबाई रत्नागिरीहून आमच्याकडे आल्या होत्या. शेवटचे पान आडवे झालेले पाहून मी कुंडी जिन्यात नेऊन ठेवली, तर त्या म्हणाल्या, “अगं, सुरणसुद्धा पावसाळा संपला की पान टाकतो, म्हणून कोणी जमीन सोडतं का? आधी खाली काय आहे ते बघ.” कुंडी पालथी केली. मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती आणि कुबट वास येत होता, पण कंदाचा वरचा भाग लहान बटाट्यासारखा टणक होता. स्वच्छ केलेल्या पात्याने सडका भाग पांढरा गर लागेपर्यंत कापला, कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावून एक दिवस वाळू दिले आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओलसर स्फॅग्नम मॉसवर (ओल धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळावर) कंद ठेवून दिला. सहाव्या आठवड्यात कोंब दिसला.

त्या मातीतच हरभऱ्याएवढे, तपकिरी सालीचे सहा बाळकंद सापडले. ते मी खडे समजून फेकणारच होते. साल नखाने हलकेच सोलून तेही त्याच डब्यात ठेवले. सहांपैकी चार उगवले. पहिले पान जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढे येते आणि त्यावर आईच्या पानाची नक्षी अजून उमटलेली नसते. मुळे बोटाच्या एका पेराएवढी झाली की कुंडीतल्या मिश्रणात लावता येतात.

मिश्रणावर मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बाकीच्या खटाटोपापेक्षा फरक त्यानेच पडला. सध्या मी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) आणि अर्धा-अर्धा भाग लोणारी कोळसा व गांडूळखत असे वापरते. कोकोपीट न धुता वापरल्यास त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. पाणी ओतल्यावर ते लगेच खालून निघाले पाहिजे. वर साचून राहत असेल तर तुकड्यांचे प्रमाण वाढवावे. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा एखादा इंच मोठी पुरते. मोठी कुंडी म्हणजे मुळे न पोहोचणारी ओली जागा, आणि कूज सुरू होते ती तिथेच. मातीची कुंडी दिसते सुरेख, पण पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये ती दोन दिवसांत कोरडी पडते, म्हणून मी छिद्रांची पारदर्शक प्लास्टिक कुंडी पसंत केली. तिच्यातून मुळांचा रंगही दिसतो. पाण्याचे वेळापत्रक आता नाही. बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच पाणी, आणि तेही भरपूर, खालून वाहेपर्यंत. उन्हाळ्यात सोसायटीला कूपनलिकेचे जड पाणी आले तेव्हा पानांच्या कडा तपकिरी झाल्या. त्या दोन महिन्यांत गाळण यंत्राचे पिण्याचे पाणी दिले.

खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद व पालाश सम प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात जून ते ऑक्टोबर पंधरा दिवसांतून एकदा देते, आणि थंडीत मुळीच नाही.

आर्द्रतेच्या नावाखाली झालेला खर्च मला आजही खटकतो. मार्चमध्ये आर्द्रतामापकावर दुपारी चोवीस टक्के आकडा दिसला म्हणून अडीच हजारांचे बाष्पयंत्र आणले. पाण्याच्या फवाऱ्याने आकडा वर जाई आणि पंधरा मिनिटांत पूर्ववत होई. कुंडीखाली ठेवलेल्या पाणी-खड्यांच्या ताटलीने तर काटा हललासुद्धा नाही. यंत्राने खोली दमट झाली खरी, पण भिंतीला ओल धरली. शेवटी चारही लहान रोपे आणि मोठी कुंडी एकत्र गटाने ठेवली, वाऱ्याचा पंखा त्यांच्यापासून दूर केला आणि यंत्र माळ्यावर टाकले. मुळे निरोगी असतील तर ‘पॉली’ कोरड्या हवेत पाने थोडी लहान काढते, पण मरत नाही. ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ ही बोर्निओची ठेंगणी, जाड पानांची जाती फेब्रुवारीत आणली, ती तर या बाबतीत अधिकच सोशिक निघाली. मात्र वाढ इतकी संथ की सात महिन्यांत तिने तीनच पाने काढली आहेत.

मे महिन्यात सासूबाई गावी परतताना एक लहान रोप घेऊन गेल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात ते पडवीच्या कडेला, बुडाला भोके पाडलेल्या रंगाच्या जुन्या डब्यात, जांभ्याचे खडे आणि कुजका पालापाचोळा यांत उभे होते. त्याला सहा पाने होती, माझ्याकडच्या मूळ झाडापेक्षा एक जास्त. खताचे विचारले तर त्या म्हणाल्या, “अगं, घातलंच नाही काही.”